पांचव्या धांवपटूचे गुरु : जॉन मॅक्डोनेल

शर्यत संपली म्हणजे प्रेक्षकांचे डोळे पहिल्या आलेल्या गड्याकडे वळतात, आणि पांचवा कोण आला हें विचारण्याची कोणास आठवणही रहात नाहीं. परंतु शर्यतीचा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत या पांचव्यावरच सर्व संघाची अब्रू अवलंबून असते. त्यास क्रॉस-कंट्री असें म्हणतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना हें नांव ठाऊक असेल, पण त्यांतील गुणांचा हिशेब ठाऊक नसेल; आणि तो समजल्यावांचून ज्या गृहस्थांची हकीकत आम्हीं येथें देणार आहों, त्यांची योग्यता नीट ध्यानांत यावयाची नाहीं.

ही शर्यत आंखलेल्या वर्तुळावर होत नसून गवत, चिखल आणि चढउतार यांमधून होते. अमेरिकन विद्यापीठांच्या राष्ट्रीय सामन्यांत पुरुषांसाठीं तिचें अंतर १० किलोमीटर, म्हणजे सहा मैलांहून थोडें अधिक असतें. प्रत्येक संघाचे सात गडी धांवतात. त्यांपैकीं पहिल्या पांचांच्या क्रमांकांची बेरीज करतात, आणि जिची बेरीज सर्वांत कमी ती तुकडी जिंकते. समजा, एका संघाचे गडी १, २, ३, ४० व ६० या क्रमांकांनीं आले. बेरीज १०६ झाली. दुसऱ्या संघाचा पहिला गडी बारावा आला, पण त्याच्या मागोमाग १५, १८, २० व २४ या क्रमांकांवर बाकीचे आले, बेरीज ८९. पहिलीं तिन्ही स्थानें ज्यानें पटकावलीं तोच संघ हरला! एखादा असामान्य मुलगा दैवयोगानें कोणत्याही शिक्षकास लाभूं शकतो. पांचवा मात्र घडवावा लागतो.

असे पांचवे गडी वर्षानुवर्षें घडविणारे जॉन मॅक्डोनेल यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजीं आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यांत, क्रॉसमोलिना गांवाजवळ एका शेतकरी कुटुंबांत झाला. हा परगणा पूर्वीपासून दरिद्री. १८४१ च्या खानेसुमारींत सबंध आयर्लंडची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती. पुढें १८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडला, त्यांतून घोर दुष्काळ उद्भवला, आणि लाखों लोक मेले व लाखों परदेशीं गेले. तेव्हां लागलेली ही वाट पुढें शंभर वर्षें बुजली नाहीं. १९५० नंतरच्या एका दशकांतच सुमारें ४ लाख माणसें देश सोडून गेलीं. शेत एका मुलास पुरे, बाकीच्यांनीं बोट गाठावी, असा तेथला रिवाजच होऊन बसला होता. मॅक्डोनेल यांनींही १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेची वाट धरली.

तेथें लुइझियाना संस्थानांतील लाफायेट येथील विद्यापीठांत ते विद्यार्थी झाले. त्या वेळीं त्यांचें वय अठ्ठावीसच्या सुमाराचें होतें. ज्या वयांत इतर लोक संसाराला लागतात, त्या वयांत हे गृहस्थ अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर वर्गांत बसत व मैदानावर धांवत! १९६६ ते १९६९ या काळांत त्यांनीं सहा वेळां राष्ट्रीय दर्जाच्या धांवपटूंत स्थान मिळविलें. धांवपटु या नात्यानें ऑलिंपिकचें मैदान मात्र त्यांस कधींच लाभलें नाहीं. १९६९ सालीं ते अमेरिकेचे नागरिक झाले. त्यानंतर न्यू जर्सी व लुइझियाना येथील एकेका हायस्कुलांत त्यांनीं मुलांना धांवण्याचे धडे दिले, आणि १९७२ मध्यें आर्कान्सॉ विद्यापीठानें त्यांस फेएटव्हिल येथें बोलाविलें.

त्या प्रांतांत फुटबॉल हाच काय तो खेळ. लांब पल्ल्याच्या धांवण्याची कोणास पर्वा नव्हती. मॅक्डोनेल यांनीं प्रथम आपल्या जन्मभूमीकडेच दृष्टि वळविली. लिमरिकचा नायल ओ'शॉनेसी हा तरुण त्यांच्याकडे आला व १९७६ सालीं माँट्रिअलच्या ऑलिंपिकमध्यें आयर्लंडकडून धांवला. १९८७ मध्यें इंडियानापोलिस येथें छपराखालील शर्यतींचे जागतिक सामने झाले. त्यांत ३००० मीटरमध्यें फ्रँक ओ'मारा पहिला व पॉल डोनोवन दुसरा आला. दोघेही आयरिश, आणि दोघेही याच एका शिक्षकाच्या हाताखालचे. परक्या मुलांस आणून जिंकण्यांत पुरुषार्थ तो कोणता, अशी टीका अमेरिकेंत त्या काळीं होत असे. ती अगदींच निराधार होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु तिला खरें उत्तर पुढील काळांतच मिळालें. आर्कान्सॉमधीलच डॅनियल लिंकन हा मुलगा विद्यापीठांत आला तेव्हां त्याच्या नांवाचा कोठें गाजावाजा नव्हता. त्यानें स्टीपलचेस, म्हणजे अडथळे व पाण्याची उडी असलेली शर्यत, हाती घेतली आणि २००६ सालीं रोम येथें ८ मिनिटें ८.८२ सेकंदांत ती धांवून एकवीस वर्षांचा जुना अमेरिकन विक्रम मोडला.

मॅक्डोनेल यांच्या शिकवणींत गूढ असें कांहीं नव्हतें. उन्हाळ्याच्या सुटींत बेताबेतानें मैल वाढवावयाचे, हिवाळ्यापर्यंत त्यांत खंड पडूं द्यावयाचा नाहीं, आणि सर्वांस एकच मात्रा न देतां ज्याच्या अंगीं जें पेलेल तेवढेंच त्याला द्यावयाचें. उत्साही मुलगा सरावांतच सर्व बळ खर्चून बसतो आणि शर्यतीच्या दिवशीं लंगडत येतो. त्याला आवरून धरणें हें त्याला हांकण्यापेक्षां कठीण असतें. उशिरां शिकलेल्या माणसास ही सबुरी अधिक साधते, असें आम्हांस वाटतें. उड्यांचे प्रकार त्यांनीं आपल्या हातीं न ठेवतां डिक बूथ या सहकाऱ्यावर सोंपविले. त्यांच्याच काळांत तयार झालेल्या माइक कॉन्ली यानें १९९२ सालीं बार्सिलोना येथें तिहेरी उडींत सुवर्णपदक मिळविलें.

आतां आंकडे पाहूं. क्रॉस-कंट्रीचीं ११, छपराखालील मैदानाचीं १९ व उघड्या मैदानाचीं १०, मिळून ४० राष्ट्रीय विजेतेपदें त्यांच्या संघांनीं जिंकलीं. छपराखालील स्पर्धेंत तर १९८४ पासून १९९५ पर्यंत ओळीनें बारा वर्षें दुसऱ्या कोणास विजय मिळाला नाहीं. पण आमच्या मतें याहून मोठा आंकडा निराळाच आहे. १९७४ ते २००७ अशीं ३४ वर्षें आपल्या विभागाची क्रॉस-कंट्री त्यांचा संघ एकदांही हरला नाहीं. विद्यार्थी विद्यापीठांत चार-पांच वर्षेंच राहतो. म्हणजे या काळांत सबंध संघ सात-आठ वेळां नवा झाला, १९९१ सालीं विभागही बदलला, आणि प्रत्येक वेळीं पांचवा गडी तयार होता.

४० हा आंकडा मुळांत ४२ होता, हेंही सांगणें आम्हांस भाग आहे. एका सहायकाच्या हातून एका वेगवान धांवपटूच्या बाबतींत नियमभंग घडल्याचें चौकशींत ठरलें, आणि २००४ व २००५ सालचीं उघड्या मैदानाचीं विजेतेपदें रद्द झालीं. त्या संघांतील ज्या मुलांचा या प्रकरणाशीं कांहीं संबंध नव्हता, त्यांचेंही श्रेय गेलें. हें कठोर खरें. पण ज्या हिशेबांत एका गड्याच्या क्रमांकानें सर्वांचा जय ठरतो, त्यांत एकाच्या दोषानें सर्वांची हानिही होणारच, आणि घराच्या कर्त्या पुरुषास त्यांतून सुटतां येत नाहीं.

२००८ सालीं ते निवृत्त झाले. शेतकऱ्याचा मुलगा तो. ओक्लाहोमांत त्यांनीं गुरांचें मोठें कुरण राखलें होतें व गुरांची त्यांस अखेरपर्यंत आवड होती. फेएटव्हिल येथील ज्या मैदानास त्यांचें नांव दिलेलें आहे, तेथेंच २००९ सालचे राष्ट्रीय सामने भरले. त्या वर्षींचें विजेतेपद टेक्ससच्या एका संघानें नेलें. ७ जून २०२१ रोजीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, मॅक्डोनेल मरण पावले.