संगणकीय चित्रणातील हिमपृष्ठ

हिमाच्छादित भूमीचे संगणकावर चित्रण करताना पृष्ठभागास केवळ पांढरा रंग दिल्यास तो चुना फासलेल्या भिंतीसारखा निर्जीव भासतो. वस्तुतः हिमाचा प्रत्येक स्फटिक पारदर्शक असतो. स्फटिक व हवा यांच्यामधील असंख्य सीमांवर प्रकाशाचे वारंवार परावर्तन व वक्रीभवन होऊन तो प्रवेशबिंदूपासून काही अंतरावर बाहेर पडतो. त्यामुळे छायेच्या कडा मृदू होतात. तांबडा प्रकाश निळ्यापेक्षा अधिक शोषला जात असल्याने खोल भेगांत निळसर झाक उमटते. अर्धपारदर्शक पदार्थांतील अशा अंतःप्रकीर्णनाचे सुलभ गणितीय प्रतिमान जेन्सन, मार्शनर, लेव्हॉय व हॅनराहन यांनी २००१ साली मांडले. तथापि ते प्रकाशाची सरासरी वाटणी सांगते. पृष्ठभागावरील एकेका स्फटिकाची चमक त्यातून मिळत नाही. ती स्वतंत्रपणे गणावी लागते, हे अभ्यासकाने ध्यानी ठेवावे.