फाइल संकेतस्थळाची, निर्णय वाचकाचा

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील शेतकऱ्याला आज सातबाऱ्यासाठी दर वेळी तलाठ्याची वाट पाहावी लागत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा २०१८ पासून संकेतस्थळावर मिळतो; त्यासाठी आता १५ रुपये लागतात. ही सोय निःसंशय मोठी आहे. परंतु दस्तऐवज लोकांच्या हाती कोणत्या रीतीने द्यावा, हा प्रश्न उरतोच. आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही.

परिपत्रक नुसते वाचायचे असते. पण कित्येक संकेतस्थळांवर दुव्याला स्पर्श करताच ते न उघडता थेट यंत्रात उतरते. फाइल दाखवावी की उतरवावी, याची निवड ब्राउझरमध्ये वाचकाला करता येते. मात्र फाइलीसोबत संकेतस्थळाने 'ही जोडपत्र समजावी' अशी सूचना धाडली, की ती निवड बहुधा निष्फळ ठरते. गंमत अशी, की ही सूचना मूळची ईमेलसाठी होती. जोडपत्र आपोआप दाखवू नये, वाचणाऱ्याने सांगितल्यावरच उघडावे, असा १९९७ च्या मानकाचा आशय होता. वाचकाचा अधिकार राखणारे साधन आज त्याच्याच अधिकारावर अतिक्रमण करीत आहे!

याची झळ ग्रामीण भागात अधिक बसते. सेवा केंद्रातील एका संगणकावर दिवसभरात अनेकांची कामे होतात. तेथे उतरलेले उत्पन्नाचे वा जातीचे दाखले कुणी पुसले नाहीत, तर पुढच्या माणसाच्या नजरेस पडतात. स्वस्त मोबाइलची अपुरी जागा तर नको असलेल्या प्रतींनीच भरून जाते.

दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. माळशेजच्या पायथ्याच्या वाडीत रेंज नसेल, तर उतरवून ठेवलेली फाइलच उपयोगी पडते. सातबाऱ्यावरील डिजिटल स्वाक्षरी पडताळण्यासाठी मूळ फाइल जवळ असावीच लागते. अनोळखी व्यक्तीने चढवलेली फाइल संकेतस्थळावरच उघडू न देणे, हे तर सुरक्षेचे तत्त्व आहे. सक्तीला सबळ कारण असेल तेथे ती समर्थनीय ठरेल. परंतु अपवादाचा नियम होऊ नये.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक दस्तऐवजापुढे 'पहा' आणि 'जतन करा' असे दोन पर्याय द्यावेत, फाइलीचा प्रकार व आकार आधीच सांगावा, आणि सेवा केंद्रांनी उतरलेल्या फाइली रोज पुसाव्यात. कागद देणे हे संकेतस्थळाचे कर्तव्य आहे. तो वाचावा की ठेवावा, हे नागरिकाने ठरवावे.