कॅशलेसचं घड्याळ कुणाच्या हातात?

‘दारावर कॅशलेसचा बोर्ड आहे, म्हणजे सरकारनं मान्यता दिलेली असणार.’ नाही. त्या रुग्णालयाचा काही विमा कंपन्यांशी दरांचा करार झालाय, एवढाच त्याचा अर्थ. दरांवरून बिनसलं की करार तुटतो. जुलै २०१० मध्ये सार्वजनिक क्षेत्रातल्या चार विमा कंपन्यांनी मुंबईतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांची कॅशलेस सोय थांबवली, ती याच वादातून.

‘म्हणजे सरकारचा वचकच नाही?’ आहे, पण विमा कंपनीवर. विमा नियामक आयआरडीएआयचं २९ मे २०२४ चं परिपत्रक सांगतं : कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी. कंपनीच्या उशिरामुळे रुग्णालयानं जादा आकारणी केली, तर ती कंपनीनं भागधारकांच्या निधीतून सोसायची. मेख पुढेच आहे. हे तीन तास रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोचल्यावर सुरू होतात. डॉक्टर सकाळी ‘घरी जा’ म्हणाले आणि बिलिंगमधून कागद संध्याकाळी गेले, तर तो दिवस कुणाच्याच हिशेबात नाही. अशा वेळी टीपीएच्या (कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या) माणसावर खेकसण्याऐवजी अंतिम बिल किती वाजता पाठवलं, हे काउंटरवर विचारावं.

रुग्णालयाच्या दरांना तर आयआरडीएआय हात लावू शकत नाही. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयं १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येतात. त्याचे २०२१ चे सुधारित नियम दरपत्रक दर्शनी भागात लावा म्हणतात; दर किती असावेत, यावर मात्र गप्प!

‘नेटवर्कबाहेर, म्हणजे करार नसलेल्या रुग्णालयात, गेलं की क्लेम बुडाला’ हेही खरं नव्हे. आधी बिल भरून पैसे मागता येतात. फक्त कंपनीनं वगळलेल्या रुग्णालयांची यादी पाहून घ्यावी. शिवाय जानेवारी २०२४ पासून जनरल इन्शुरन्स कौन्सिलच्या योजनेत नेटवर्कबाहेरही कॅशलेस मागता येतं. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर ४८ तास आधी, तातडीचं असेल तर दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कळवायचं. रुग्णालय तयार हवं. त्याला भाग पाडणारा नियम नाही.

आणि क्लेम नाकारला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तर आलं नाही, तर आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील नको, मर्यादा ५० लाखांची. निवाडा तीस दिवसांत पाळला नाही, तर कंपनीला दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात.