काळीचं दूध

विरजण घातलं की दही लागतंच, हे आपण गृहीत धरतो. आंबेगाव तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी ते लागलं नाही. दूध घरच्याच गाईचं, विरजण ताजं, हवा उबदार. तरी सकाळी पातेल्यात दूध तसंच पातळ. घरातल्या आजींनी पातेलं कलतं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "गाईला ट्यूब सोडली आसंल कुणीतरी." आजींचं बरोबर होतं. कासदाहावर, म्हणजे गावाकडच्या 'दगडी'वर, सडात सोडलेलं प्रतिजैविक दुधात उतरतं आणि विरजणातले जिवाणू त्यात तग धरत नाहीत. आजींना जे पातेल्यात कळलं, ते हजारो लिटरच्या टँकरमध्ये कुणाला कळत असेल आणि कसं, हा प्रश्न डोक्यात घेऊन मी मंचर-घोडेगाव पट्ट्यातल्या एका दूध संकलन केंद्रावर गेलो.

एकटा गेलो नाही. पुण्यात अन्नसुरक्षा व्यवस्थापन शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या केंद्रांवर नेहमी येतात. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांना ते नको आहे. गावातले लोक त्यांना नुसतं 'मॅडम' म्हणतात. माहेर जुन्नरकडचं, घरी लहानपणापासून गाई. परभणीच्या अन्नतंत्रज्ञान महाविद्यालयात पदवी, मग काही वर्षं कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण, मग अध्यापन. नोकरी सोडण्याचं कारण त्यांनी एका वाक्यात सांगितलं: "तिथे चुकीचा नमुना सापडायचा, पण चूक का झाली हे विचारायला वेळच नसायचा."

या पट्ट्यात दूध किती मुरलंय हे रस्त्यावरूनच दिसतं. डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं जुन्नर-आंबेगावात आहेत. पाणी आलं, ऊस आला, मका आला, त्यामागून संकरित गाई आल्या. १९९२ साली मंचरला पराग मिल्क फूड्स उभी राहिली, पुणे जिल्हा संघाची कात्रज डेअरी आधीपासून होतीच. आज दुधाचा दहा दिवसांनी येणारा पगार हाच अनेक घरांतला खरा पगार. कांद्याचा भाव पडतो, टोमॅटोचा पडतो. किराणा चालतो तो दुधावर.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली आणि पुढे ओटा. उजाडल्याशिवाय कुणी येत नाही, कारण उसात बिबट्या असतो आणि बायकांना किटली घेऊन अंधारात निघायला घरचे सोडत नाहीत. काम ठरलेलं: दूध मोजायचं, ढवळायचं, नमुना यंत्राला लावायचा, फॅट-एसएनएफची पावती द्यायची, दूध बल्क कूलरमध्ये ओतून चार अंशांवर आणायचं.

पण या सगळ्याआधी एक गोष्ट होते. केंद्र चालवणारे भाऊ किटलीचं झाकण काढतात, दुधाकडे बघतही नाहीत, झाकण उलटं करून नाकाशी नेतात. बंद किटलीतली वाफ झाकणाच्या आतल्या अंगाला धरते, म्हणून वास तिथे सगळ्यात जास्त. दुग्धशास्त्राच्या पुस्तकांतही पहिली परीक्षा हीच सांगितली आहे. भाऊ ती वडिलांकडून शिकले. त्यांनी मलाही दोन झाकणं दिली. पहिल्याला कोमट, गोडसर वास, मागे थोडा ओल्या गवताचा. दुसऱ्यालाही तोच वाटला. "परत घ्या," भाऊ म्हणाले. पुन्हा घेतला तेव्हा त्या गोडसरपणाखाली एक बारीक आंबूस कड लागली. "रात्रीचं सकाळच्यात घातलंय." किटली बाजूला झाली. आणणारा पोरगा काही बोलला नाही, मान खाली घालून उभा राहिला. तो वास नंतर दिवसभर माझ्या नाकात होता.

प्रतिजैविकाला वास नसतो. फॅटच्या यंत्रालाही ते दिसत नाही. तपासायच्या पट्ट्या मिळतात, पण एकेका किटलीला एकेक पट्टी परवडत नाही. ती टँकरला लागते, आणि टँकरमध्ये तोवर सगळ्या गावाचं दूध एक झालेलं असतं. म्हणजे नाक चालत नाही, यंत्र चालत नाही. उरतं एकच, ज्याची गाय त्याने आपण होऊन सांगणं. मॅडम पुण्याहून येतात त्या हे सांगणं ऐकायला.

त्या सकाळी ते ऐकू आलं. पन्नाशीच्या एक मावशी रांगेत होत्या. रोज त्यांच्या दोन किटल्या असतात, आज एकच. भाऊंनी झाकण हुंगता हुंगता विचारलं, "मावशी, एकच?"

"काळीचं आणलं नाही. दगडी झालीय. ट्यूब सोडलीय डाक्टरनी."

"किती दिवस?"

"ट्यूबा काल संपल्या. आता तीन दिवस घालू नका म्हणालाय."

मागून एक तरणा हसला. "मावशी, एवढ्या टँकरात तुमच्या काळीचं काय कळतंय!"

ओट्यावर क्षणभर कुणी बोललं नाही. मॅडमचं पेन थांबलं होतं. मग भाऊ पावती फाडत म्हणाले, "कळतं रे. टँकर परत आला की सगळ्यांचा पगार जातो." मावशींनी पावती घेतली, मोकळ्या हाताने पदर खोचला आणि निघून गेल्या.

परतीच्या वाटेवर मॅडमनी विद्यार्थ्यांना गणित घातलं. आजारी गाय म्हणून दिवसाला दहाच लिटर धरा. तीन दिवस. लिटरला ३० रुपये. ९०० रुपये. "माझा सगळा विषय या ९०० रुपयांत आहे," त्या म्हणाल्या. ट्यूबा चालू असतानाचं दूधही टाकायचंच, डॉक्टरची फी वेगळी. पण त्या ९०० वरच थांबल्या, कारण हे तीन दिवस असे आहेत की गाय बरी दिसते, दूध पांढरंशुभ्र दिसतं, आणि ते घालायचं नाही हे फक्त मालकाला ठाऊक असतं.

विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारलं, कायदा काय म्हणतो? २००६ चा अन्नसुरक्षा आणि मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. दुधात कुठल्या औषधाचा किती अंश चालेल याच्या मर्यादा त्याखाली ठरल्या आहेत. पण त्याच कायद्याच्या १८व्या कलमाने शेतकरी, शेतीकाम आणि पशुधन यांना त्यातून वगळलं आहे. ते योग्यच आहे. दोन गाईंच्या गोठ्यात निरीक्षक पाठवून काय साधणार? मात्र त्याचा अर्थ असा की कायदा जिथे सुरू होतो त्याच्या अलीकडे, गोठ्यात आणि ओट्यावर, माणसाच्या सवयीवर आणि बोलण्यावर सगळं उभं आहे.

जगात माणसांच्या या सवयींचा स्वतंत्र अभ्यास होऊ लागला त्याला फार वर्षं झालेली नाहीत. २००५ साली दक्षिण वेल्समध्ये शाळांना पुरवलेल्या शिजवलेल्या मांसातून ई. कोलाय ओ१५७ ची साथ पसरली. दीडशेहून अधिक लोक आजारी पडले, बहुतेक मुलं. पाच वर्षांचा एक मुलगा गेला. चौकशी केली ॲबर्डीनचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ह्यू पेनिंग्टन यांनी. त्यांचा २००९ चा अहवाल मॅडम दर वर्षी पहिल्या तासाला शिकवतात. त्या मांसविक्रेत्याकडे सुरक्षेचा आराखडा कागदावर होता, स्वच्छतेच्या नोंदी होत्या. कच्चं आणि शिजवलेलं मांस मात्र एकाच यंत्रात पाकीटबंद होत होतं. निरीक्षक आले, त्यांनी कागद पाहिले, गेले. पुढे २०२० मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेने अन्नस्वच्छतेच्या आपल्या मूलतत्त्वांत 'अन्नसुरक्षा संस्कृती' घातली आणि २०२१ मध्ये युरोपीय संघाने ती नियमात आणली.

आपल्याकडे मात्र हा विषय घेऊन विद्यापीठात उभं राहणं सोपं नाही. प्रयोगशाळेतल्या उपकरणाला निधी मिळतो, ओट्यावर उभं राहून कोण काय बोलतं हे टिपण्याला मिळत नाही. "गप्पा मारायला जाता," असं सहकाऱ्यांनीच मॅडमना ऐकवलं आहे. त्यांनी सुरुवातीला प्रश्नावल्या वाटून पाहिल्या. कास धुता का? पहिल्या चार धारा बाहेर टाकता का? औषधानंतर दूध राखून ठेवता का? सगळ्यांनी सगळ्याला 'होय' लिहिलं. तो गठ्ठा त्यांनी बाजूला ठेवला आणि ऐकायला सुरुवात केली: आपल्याच दुधाविषयी वाईट बातमी आपण होऊन कोण सांगतो, आणि सांगितल्यावर त्याचं काय होतं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात हाच प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, आणि त्याला गप्पा म्हणणाऱ्यांनी एक सकाळ त्या ओट्यावर काढावी.

दुधाचं नाव निघालं की आपण 'भेसळ' म्हणतो. युरिया, डिटर्जंट, छाप्यांच्या बातम्या. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातल्या १,१०३ शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. भेसळीचे निघाले १२. प्रतिजैविकांचा अंश मर्यादेपेक्षा जास्त असलेले ७७. आणि अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर असलेले ३६८. हे शेवटचं बुरशीचं विष. ओल्या पेंडीवर, मक्यावर, नीट न दाबलेल्या मुरघासावर बुरशी धरते, गाय खाते, विष दुधात उतरतं आणि उकळूनही जात नाही. भेसळ करणारा चोर असतो, त्याला पकडता येतं. बुरशी लागलेली पेंड टाकून द्यायला निघालेला माणूस चोर नाही. तो पोत्याची किंमत मनात मोजत उभा असतो.

खोट्या भीतीची किंमतही याच तालुक्यांनी मोजली आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीत टोमॅटोवर रंगाचे पट्टे दिसू लागले आणि 'तिरंगा व्हायरस' माणसाला घातक असल्याच्या बातम्या फिरल्या. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या तपासणीत कुकुंबर मोझॅकसारखे पिकांवरचे विषाणू निघाले. असे विषाणू माणसाला बाधत नाहीत. तोवर लोकांनी टोमॅटोचा धसका घेतला होता आणि नारायणगावचा टोमॅटो बाजार ज्यांच्या जिवावर चालतो त्यांचं नुकसान होऊन गेलं होतं. नव्हत्या त्या धोक्याचे पैसे शेतकऱ्याने भरले. आणि जो धोका खरा आहे, त्याच्या ९०० रुपयांचं नाव कुणी काढत नाही.

मी दुपारी मावशींच्या गोठ्यावर गेलो. काळी बांधलेली होती, कासेवरची सूज उतरलेली. सकाळचं दूध खड्ड्यात ओतलं होतं, त्यावर माश्या. ट्यूबचं पाकीट त्यांनी वळचणीला खोचून ठेवलं होतं, तीन दिवस विसरू नयेत म्हणून. विचारलं, का सांगितलंत? घातलं असतं तर कळलं नसतं. त्या वैरण टाकत म्हणाल्या, "सुनेच्या पोरालाबी त्याच डेअरीची पिशवी येती पुण्याला."

केंद्रावरच्या भिंतीवर स्वच्छतेचा एक रंगीत तक्ता आहे, हात धुण्याच्या सात पायऱ्यांचा. त्याखाली नोंदवही. तिच्यात रकाने आहेत: नाव, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. मावशी जे बोलल्या ते लिहायला रकाना नाही. त्या दिवसाच्या पानावर त्यांच्या नावापुढे निम्मं दूध आणि निम्मी रक्कम एवढंच आहे. कुणी महिन्याचा हिशेब पाहिला तर या बाईचं दूध घटलंय, इतकंच त्याला दिसेल.

म्हणून दूध संघांना आणि खाजगी डेऱ्यांना माझी साधी मागणी आहे. नोंदवहीत एक रकाना वाढवा: 'औषधामुळे राखलेलं दूध'. पशुवैद्याची चिठ्ठी दाखवणाऱ्याला त्या तीन दिवसांचे, पूर्ण नाही तर निम्मे, पैसे द्या. टँकर परत येण्याच्या तुलनेत ते काहीच नाहीत. तक्ते छापायला पैसे आहेत, तर यालाही असले पाहिजेत. आणि जोवर ते देत नाहीत, तोवर शहरात पिशवी फोडणाऱ्या आपण सगळ्यांनी हे जाणून असावं की आपल्या दुधाच्या शुद्धतेचे ९०० रुपये सध्या मावशी भरताहेत.