डोक्याला मार लागला, तर खेळ तिथेच थांबवा

कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात कोल हार्बर नावाचे गाव आहे. तिथल्या एका घराच्या तळघरात एक मुलगा तासन्‌तास आइस हॉकीचा सराव करायचा. त्याचे चुकलेले फटके कपडे वाळवायच्या मशीनवर आदळत. पोचे पडलेले ते मशीन पुढे तिथल्या क्रीडा संग्रहालयात ठेवले गेले, कारण तो मुलगा होता सिडनी क्रॉस्बी. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत गोल करून त्याने कॅनडाला सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता.

१ जानेवारी २०११ रोजी सामन्यात टक्कर होऊन त्याच्या डोक्याला मार बसला. ५ जानेवारीला तो पुन्हा खेळायला उतरला. त्या सामन्यात मागून धक्का बसून तो कडेच्या भिंतीवर आदळला. त्यानंतर निदान झाले कन्कशनचे, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याचे. परतायला त्याला साडेदहा महिने लागले. २१ नोव्हेंबरला परतताच त्याने दोन गोल केले. पण आठच सामन्यांनंतर लक्षणे पुन्हा दिसू लागली आणि मार्च २०१२पर्यंत तो बाहेर राहिला.

क्रॉस्बीने हेल्मेट घातले नव्हते का? घातले होते. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवते, पण कवटीच्या आत द्रवात असलेला मेंदू हलणे ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. वेगातले डोके एकदम थांबले किंवा गर्रकन फिरले, की मेंदूतले नाजूक तंतू ताणले जातात. पेशींमधला क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला जास्त ऊर्जा लागते, पण नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी झालेला असतो. सीटी स्कॅनमध्ये यातले बहुधा काहीच दिसत नाही. अशा अवस्थेत दुसरा मार बसला, तर त्रास लांबतो. क्वचित, विशेषतः किशोरवयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन जिवावरही बेतते.

आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देणे नियमात बसते. ११-१२ वर्षांच्या मुलांना अशी धडक देण्याची अल्बर्टा प्रांतात मुभा होती, क्युबेकमध्ये नव्हती. दोन्हींची तुलना करणारा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. अल्बर्टात कन्कशनचा धोका तिपटीहून अधिक आढळला. २०१३मध्ये कॅनडाने या वयोगटासाठी धडक बंद केली. मुलांचा खेळ सुरूच राहिला.

आपल्याकडे आइस हॉकी मुख्यतः लडाखसारख्या भागात खेळली जाते. पण कबड्डीतली पकड, फुटबॉलमधला हेडर किंवा डोक्यावर आदळलेला क्रिकेटचा चेंडू यांनीही हाच हादरा बसू शकतो. आणि ‘काही नाही झालं, ऊठ, खेळ,’ हा सल्ला तर प्रत्येक मैदानावर ऐकू येतो.

मार लागल्यावर मूल गोंधळले, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले, डोके दुखते, गरगरते किंवा उजेड सहन होत नाही म्हणाले, तर त्या दिवशी खेळ बंद. बेशुद्ध पडलेच पाहिजे असे नाही; बहुतेक जण पडत नाहीत. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत कमजोरी, न आवरणारी गुंगी किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

बाकीच्यांनी पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, मोबाइल-टीव्ही कमी करावा. हलके चालणे चालेल. मग आधी शाळा आणि नंतर टप्प्याटप्प्याने सराव सुरू करावा. टक्कर होईल असा खेळ मात्र डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच खेळावा.

पूर्ण बरे होऊन परतलेल्या क्रॉस्बीने २०१४मध्ये कर्णधार म्हणून पुन्हा ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. थांबल्यामुळे त्याचा खेळ संपला नाही. आपल्या मुलामुलींनाही तेवढा वेळ द्यायला हवा.