महाताऱ्यांच्या जन्मभूमीतले पाणी

१९६९च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये एक छोटेखानी शोधनिबंध आला. कॅलिफोर्नियातल्या हॅट क्रीक वेधशाळेत, अवघ्या २० फुटी अँटेनाने, चार्ल्स टाउन्स आणि सहकाऱ्यांनी अवकाशातली पाण्याची वाफ पहिल्यांदा टिपली होती. ठिकाणे होती मृगातला तेजोमेघ, धनू राशीतला प्रचंड ढग आणि डब्ल्यू४९ हा वायुमेघ. तिन्ही ठिकाणी मोठे तारे जन्म घेत आहेत. २२ गिगाहर्ट्झचा तो संदेश विलक्षण प्रखर होता, कारण तो मेसर, म्हणजे लेझरसारखा वर्धित सूक्ष्मलहरींचा झोत, होता. टाउन्सना १९६४चे नोबेल मिळाले ते याच तत्त्वावरच्या कामासाठी. मात्र मेसरच्या तेजावरून पाणी किती आहे ते कळत नाही. ते कळायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

सूर्याच्या आठपटींहून जड तारे मुळात विरळा. त्यांचे बालपण लाखभर वर्षांत आटोपते, तेही दाट धुळीआड. त्यांतले जवळातले जवळ म्हणजे मृगातले, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचे. बाकीचे हजारो प्रकाशवर्षे दूर. म्हणून तिथली भौतिक स्थिती रेणूंकडूनच समजून घ्यावी लागते, आणि त्या कामी पाण्याइतका बोलका रेणू दुसरा नाही, असे माझे ठाम मत आहे. कार्बन मोनॉक्साइड जवळपास सगळीकडे असतो, म्हणून वायूचा पसारा मोजायला तो उत्तम. पाण्याचे तसे नाही. थंड ढगात धुळीच्या कणांवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे अणू जुळून पाणी तयार होते आणि बर्फ होऊन तिथेच राहते. तापमान १०० केल्विनच्या, म्हणजे उणे १७३ अंश सेल्सिअसच्या, वर गेले की बर्फाची वाफ होते. २५० केल्विनच्या पुढे वायूतला ऑक्सिजन थेट पाण्यात बदलू लागतो. जोरदार धक्का बसला तरी कणांवरचा बर्फ उडून वायूत मिसळतो. म्हणजे वाफ दिसली की तिथे ऊब तरी आहे किंवा आघात तरी.

अडचण आपल्याच हवेची. तिच्यातली वाफ थंड पाण्याची ५५७ गिगाहर्ट्झची मूळ वर्णपटरेषा जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. ही अडचण अवकाशातूनच सुटणार होती. ‘स्वास’ आणि ‘ओडिन’ या लहान दुर्बिणींनंतर मे २००९ मध्ये युरोपची ‘हर्शेल’ गेली, साडेतीन मीटर आरशाची. लायडनच्या एविन व्हान डिशूक यांच्या नेतृत्वाखालच्या ‘विश’ प्रकल्पाने तिच्यावरून लहान-मोठ्या सुमारे ऐंशी जन्मत्या ताऱ्यांचे पाणी पाहिले.

निकाल पाहून मी थक्क झालो. बाहेरच्या थंड आवरणात शंभर कोटी हायड्रोजन रेणूंमागे वायुरूप पाण्याचे रेणू एक-दोन, फार तर काही डझन. बाकीचे सगळे बर्फात. आणि रेषा? त्या रुंद, वायूच्या वेगवान हालचालींनी पसरलेल्या होत्या. म्हणजे दिसणाऱ्या वाफेचा मोठा भाग शांत, उबदार गाभ्यातला नव्हताच. ताऱ्याच्या दोन बाजूंनी उसळणाऱ्या प्रवाहांनी आसपासच्या वायूला दिलेल्या धडकांमधला होता. डब्ल्यू४३-एमएम१ या ढगात तर पाण्याच्या रेषांवरून वायू आत कोसळताना दिसला, त्यातली खळबळही ध्वनीहून वेगवान निघाली. पाण्याचा हिशेब मांडायला गेलेल्यांच्या हाती गतीचा वृत्तान्त लागला, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे.

सोबतचे साधे रेणूही कामाचे. पाणी एचसीओ-धन या आयनाला नष्ट करते, म्हणून तो आयन जिथे लोपतो तिथे वाफ असण्याचा संभव. अतिनील किरण पाणी फोडतात. त्याच किरणांनी कार्बनचे आयन होतात, म्हणून ते अशा जागांची खूण; आणि त्यांची १५८ मायक्रॉनची रेषा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनवर उडवलेल्या एक मीटरच्या दुर्बिणीने, जपानी वर्णपटमापक बसवून, ताराजन्माच्या प्रदेशांत टिपली. या कामाची आपल्याकडे फारच थोडी चर्चा झाली, याची खंत वाटते.

चिलीतली ‘अल्मा’ दुर्बीण जमिनीवरून जड ऑक्सिजनच्या आणि जड हायड्रोजनच्या पाण्याकडे पाहते. त्यांच्या काही रेषा हवेतून पार होतात. २०१९ मध्ये तिने मृगातल्या ‘सोर्स आय’ या महाताऱ्याच्या चकतीत चक्क मीठ, सोडियम क्लोराइड, दाखवले. ‘जेम्स वेब’ अवकाश दुर्बीण धुळीवरचा बर्फ वाचते आहे.

थंड वाफेची ती मूळ रेषा मात्र पुन्हा दुर्लभ झाली. एप्रिल २०१३ मध्ये हर्शेलला थंड ठेवणारे हेलियम संपले, ‘स्पिका’ या नियोजित अवरक्त दुर्बिणीची मोहीम २०२० मध्ये वगळली गेली, ‘सोफिया’ ही विमानातली दुर्बीण २०२२ मध्ये कायमची उतरली. २०२४ मध्ये नासाने पुढील अभ्यासासाठी निवडलेल्या ‘प्रीमा’ दुर्बिणीचा वर्णपटमापक २३५ मायक्रॉनपर्यंतच पाहील. ५५७ गिगाहर्ट्झची तरंगलांबी आहे ५३८ मायक्रॉन.