राजाचे प्रार्थनास्थळ आणि उदगीरच्या किल्ल्यातील समाधी

मध्ययुगीन राजदुर्गात राजवाडा, दारूकोठार, अंबारखाना आणि पाणी यांच्याइतकीच प्रार्थनास्थळाचीही गरज असे, कारण वेढा पडला की दरवाजे महिनोन्महिने बंद राहत आणि आतील माणसांना उपासना तटाच्या आतच करावी लागे. युरोपातील किल्ल्यांत आणि राजवाड्यांत यासाठी चॅपेल, म्हणजे राजपरिवाराचे छोटे खासगी चर्च, बांधले जाई. फ्रान्सच्या नवव्या लुईने पॅरिसच्या राजवाड्यात उभारलेले आणि १२४८ मध्ये अभिषेक झालेले सँत शापेल दुमजली आहे. वरचा मजला राजासाठी आणि खालचा चाकरमाणसांसाठी असल्यामुळे दरबारातील उतरंड तेथे प्रार्थनेच्या वेळीही मोडत नसे.

दख्खनमध्ये याच्याशी जवळचे नाते सांगणारी वास्तू बिदरच्या किल्ल्यात आहे. तेथील सोळा खांब मशीद १४२३-२४ च्या सुमारास, म्हणजे बिदर बहमनींची राजधानी होण्याच्या उंबरठ्यावर, बांधली गेली. अशा मशिदीचे राजकीय वजन खुतब्यामुळे वाढे. खुतबा म्हणजे शुक्रवारच्या नमाजापूर्वीचे प्रवचन. त्यात ज्याचे नाव घेतले जाई तो त्या मुलखाचा मान्य शासक ठरे. म्हणूनच १६५७ मध्ये बिदर जिंकल्यावर औरंगजेबाने बहमनी काळातील मशिदीत जाऊन बादशाह शाहजहानच्या नावे खुतबा वाचवून घेतला. किल्ला हाती आला तरी ही घोषणा झाल्यावाचून विजय पुरा होत नव्हता.

लातूर जिल्ह्यातील उदगीरचा किल्ला बिदरपासून फार दूर नाही (१९५६ पर्यंत उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच होता), परंतु येथील मुख्य श्रद्धास्थानाची गोष्ट वेगळी आहे. सुमारे ४० फूट खोल खंदकाने रक्षिलेल्या या भुईकोटात, म्हणजे डोंगराऐवजी सपाट जमिनीवर बांधलेल्या किल्ल्यात, महाल आणि दरबाराच्या इमारती आहेत, भिंतींवर अरबी व फारसी लेख आहेत, आणि भूपातळीपासून सुमारे ६० फूट खाली उदयगिरी महाराजांची समाधी आहे. समाधी म्हणजे साधुपुरुषाचे अंतिम विश्रांतिस्थान. परिसरातील लोक या सत्पुरुषाला उदागीर बाबा म्हणतात आणि गावाचे नावही परंपरेने त्यांच्याशीच जोडले जाते. या परंपरेचा कौल मानला, तर चॅपेल राजासाठी बांधले जाते आणि उदगीरला मात्र किल्लाच साधूच्या जागी येऊन बसला, असे म्हणावे लागते. कोणत्याही सुलतानाचे नाव घेऊन या स्थानाला मान्यता मिळवावी लागली नाही.

राज्यकर्ते मात्र वारंवार बदलले. बहमनींमागून बरीदशाही आली, १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजेने किल्ला घेतला, पुढे निजामाचा अंमल बसला आणि १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी याच परिसरात निजामाचा पराभव केला. ही लढाई पुढल्याच वर्षीच्या पानिपताच्या छायेत झाकोळली, हे उदगीरचे दुर्दैव म्हणावे लागेल. इतक्या उलथापालथीनंतर दरबाराच्या इमारती ओस पडल्या असल्या तरी भाविक समाधीच्या दर्शनाला आजही येतात. लातूर-नांदेडकडून उदगीरला जाणाऱ्यांनी बुरूज पाहून न परतता समाधीपर्यंत उतरावे, भिंतींवरील फारसी लेखही पाहावेत आणि सवड असल्यास पुढे बिदरची सोळा खांब मशीद पाहून यावे. सकाळी लवकर निघाल्यास दोन्ही किल्ले एका दिवसात पाहून होतात.